दहा पौंडी ब्राउन ट्राउट, फ्लाय रॉड आणि साउथलंडच्या नद्या

काळनदी

गेली नऊ वर्षं मी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, साउथलंडमध्ये राहतोय. गोर गावाजवळ एका डेअरी फार्मवर कामाला आहे. गोरमध्ये ब्राउन ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाचा भलामोठा पुतळा उभा केलेला आहे आणि गावातून मटौरा नदी वाहते. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या वयस्कर शेतकऱ्याने मला हातात फ्लाय रॉड दिला. तेव्हापासून सुट्टीचा एकही दिवस मी नदीशिवाय घालवलेला नाही. मराठीत या विषयावर वाचायला फारसं मिळालं नाही, म्हणून जे शिकलो ते सविस्तर लिहितोय.

मी मूळचा महाडकडचा. वाळणकोंड ज्यांनी पाहिला असेल त्यांना लगेच कळेल. वरदायिनी देवीचा कोंड, त्यातले मासे देवीचे, तिथे कुणी गळ टाकत नाही. आजी मला घेऊन जायची आणि आम्ही कुरमुरे टाकायचो. खडस, म्हणजे महसीर, हातभर लांबीचे, खालच्या काळोखातून एकामागून एक वर यायचे. मोठ्या माशाकडे नुसतं बघत बसायची सवय मला तिथे लागली. तीच सवय इथे कामाला आली, असं मला मनापासून वाटतं.

आधी फ्लाय म्हणजे काय ते सांगतो. आपण गरवायला बसतो तेव्हा शिसं किंवा आमिषाचं वजन दोरीला ओढत लांब नेतं. फ्लायला वजनच नसतं. ती म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा. त्यामुळे इथे दोरीच जाड आणि वजनदार असते आणि ती हवेत पुढेमागे फिरवून तिच्या वजनावर फ्लाय फेकायची. जाड दोरीच्या टोकाला निमुळता होत गेलेला पारदर्शक लीडर, लीडरच्या टोकाला टिपेट नावाचा सर्वात बारीक तुकडा, आणि टिपेटला फ्लाय. माझा रॉड 9 फुटी, 6 नंबरचा आहे. दोरी मळकट हिरव्या रंगाची, कारण भडक दोरीची सावली आणि चमक माशाला बुजवते. लीडर आणि टिपेट मिळून 14-15 फूट.

इथे 10 पौंड, म्हणजे साडेचार किलोच्या वरचा ट्राउट हा ट्रॉफी मानतात. मटौराच्या खालच्या भागात मासे पुष्कळ, पण बहुतेक किलो-दीड किलोचे. मोठे मासे बीच नावाच्या झाडांच्या जंगलातल्या वरच्या नद्यांत असतात. तिथे संख्या कमी, पाणी काचेसारखं. दिवसभर चाललं तर पाच-सहा मासे दिसतील, त्यातल्या दोघातिघांनाच फ्लाय टाकता येईल. म्हणून नवीन लोक जेव्हा विचारतात की कुठली फ्लाय लावू, तेव्हा मला वाटतं प्रश्नच उलटा सुरू झालाय. मासा दिसला का? कुठे उभा आहे? काय खातोय? एवढं कळलं की फ्लाय आपोआप ठरते.

पोलराइज्ड चष्मा हवाच, त्याशिवाय पाण्यावरची चमक जात नाही. डोक्यावर रुंद कडेची टोपी. चालायचं नेहमी प्रवाहाच्या उलट, कारण ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि आपण त्याच्या मागून जातो. शक्यतो ऊन पाठीमागे ठेवायचं, पण आपली सावली पाण्यावर पडता कामा नये. पाऊल हलकं टाकायचं. गोट्यांवर बूट आपटला की ती थरथर पाण्यातून माशापर्यंत पोचते.

मला शिकवणारे आजोबा (मी त्यांना आजोबाच म्हणतो, त्यांनाही तो शब्द आवडतो) प्रत्येक डोहापाशी दहा मिनिटं नुसते उभे राहतात. मला सुरुवातीला ते फार जड जायचं. आता कळतं. पहिल्या दोन मिनिटांत फक्त दगड दिसतात. मग एका दगडाला किंचित हिरवट छटा दिसते. मग त्या दगडाची शेपटी डावीकडे हलते. मग बाजूच्या वाळूवर त्याची सावली दिसते. बहुतेक वेळा माशापेक्षा सावलीच आधी सापडते. आणि अचानक पाण्यात नखाएवढं पांढरं काहीतरी उघडतं आणि मिटतं. ते त्याचं तोंड. तो खातोय.

या फेब्रुवारीतली गोष्ट. नदीचं नाव लिहीत नाही, तो तिथला संकेत आहे आणि मला तो पटतो. सिकाडांचा (झाडांवर किर्र ओरडणारे मोठे किडे) आवाज इतका होता की एकमेकांशी बोलताना ओरडावं लागत होतं. मोठ्या खडकाच्या पुढच्या बाजूला (मागे नाही, पाणी खडकावर आपटून जिथे मंद होतं तिथे) तो उभा होता. आजोबा म्हणाले, "हा तुझा." मी वीस मिनिटं गुडघ्यांवर बसून त्याला बघत होतो. मनगटांवर सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावत होत्या, पण हात हलवायचा नाही. सिकाडाची मोठी फ्लाय टाकली. तो वर आला. फ्लायच्या खाली नाक लावून हातभर मागे वाहत आला, आणि परत खाली गेला. नकार!

अशा वेळी लगेच दुसरी फेक टाकायची नाही. तो खाली जागेवर गेला, कल्ले नेहमीसारखे हलायला लागले, दोनतीनदा तोंडाचं पांढरं दिसलं, तोवर थांबलो. 16 नंबरची तपकिरी फेझंट टेल निंफ बांधली. निंफ म्हणजे मेफ्लाय या पाणकिड्याचं पाण्याखालचं रूप. फ्लाय माशाच्या डोक्यावर पडता कामा नये. त्याच्या दोन मीटर पुढे टाकली, म्हणजे तिला त्याच्या खोलीपर्यंत बुडायला वेळ मिळतो. मला फ्लाय दिसत नव्हती. फक्त मासा दिसत होता. तो वीतभर उजवीकडे सरकला आणि पांढरं उघडलं. मी रॉड उचलला.

जाळीत घेतला तेव्हा लांबी 28 इंच, घेर 17 इंच. इथे एक जुनं सूत्र वापरतात: लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले 800, सगळं इंचात, उत्तर पौंडात. ते 10.1 आलं. जाळीसकट काट्यावर तोलून जाळीचं वजन वजा केलं, तेही जवळपास तेवढंच. पाठ काळपट सोनेरी, कुशीवर रुपयाएवढे काळे ठिपके, मधे मोजके लाल, आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळं कडं. प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवला. पाचेक मिनिटांनी त्याने स्वतःहून शेपटी मारली आणि गेला.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

खाडीकाठ

वा! पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) म्हणणार होतो, पण तुम्ही एका दमात लिहिलंत. मी रत्नागिरीचा, चाळीस वर्षं खाडीत गरवतोय. जिताडा, तांबोशी, गुंजी. तांबोशी लागली की पहिल्या झटक्यातच कातळाच्या कपारीत शिरते, म्हणून आम्ही दोरी जाड घेतो आणि तिला एक हातही सोडत नाही. तुमचा टिपेट किती जाडीचा होता? साडेचार किलोचा मासा वाहत्या पाण्यात त्यावर धरला कसा, ते सांगा. आम्हाला ही विद्या माहीत नाही.

काळनदी

खाडीकाठ काका, तुमच्यासारख्या जाणकाराने विचारलं, बरं वाटलं. टिपेट 4 एक्स होता, म्हणजे 0.18 मिलिमीटर. कोरडा ताण दिला तर तीनेक किलोला तुटतो. पण मासा पाण्यात असतो आणि रॉड वाकून झटके पचवतो, म्हणून पुरतो. काही जण आणखी बारीक घेतात, कारण मासे लाजरे असतात. मला ते बरोबर वाटत नाही. बारीक दोरीवर मासा उगाच जास्त वेळ खेळवावा लागतो आणि सोडल्यावर तो जगत नाही.

तुमच्या तांबोशीसारखं कपारीत शिरणं इथेही आहे, पण इथला खरा धोका खालचा धबाबा. मासा आपल्याला ओलांडून खालच्या उताराच्या पाण्यात शिरला की प्रवाहाचं वजन त्याच्या बाजूने जातं. म्हणून लागल्याबरोबर मी काठाकाठाने धावत त्याच्या खालच्या अंगाला जातो. मग त्याला मी आणि प्रवाह, दोन्ही ओढावे लागतात. रॉड सरळ उभा धरला तर तो नुसता डोकं वर करून उभा राहतो. रॉड आडवा, पाण्याला समांतर धरून बाजूला ओढलं की त्याचं डोकं वळतं, तोल जातो आणि तो लवकर दमतो. तो डावीकडे निघाला की आपण उजवीकडे ओढायचं. पळायला लागला तर पळू द्यायचं, रीलवरून हात काढायचा.

दोन वर्षांपूर्वी याहून मोठा मासा माझ्या हातून गेला. धावलो, वळवला, जाळी बाहेर काढली, आणि दोरी सैल झाली. ओढून पाहिली तर टिपेटचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं. दोरी तुटली असती तर टोक सरळ राहिलं असतं. असं वळलेलं टोक म्हणजे गाठ सुटली. घाईत गाठ कोरडीच आवळली होती. आता प्रत्येक गाठ थुंकीने ओली करून, सावकाश आवळून, नखाने ओढून पाहतो. आणि दर तासाला नवीन बांधतो.

खाडीकाठ

गाठ ओली करायची हे आमच्या वडिलांचंही सांगणं होतं. बरोबर लिहिलंत.

गवतीचहा

लेख खूप आवडला, विशेषतः सावली आधी दिसते ते. पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. माझं माहेर पोलादपूरचं, वाळणकोंड मीही पाहिलाय. तिथे आपण माशाला हात लावत नाही. इथे तुम्ही गळ टोचून, दमवून, मग सोडून देता. खायचाच नाही तर हे कशासाठी? खाण्यासाठी पकडलेला मासा मला समजतो. हा मला समजत नाही.

काळनदी

ताई, हा प्रश्न मी स्वतःला दर हंगामात विचारतो, त्यामुळे टाळत नाही. माशाला त्रास होतो. होत नाही असं मी म्हणणार नाही. मला एवढंच करता येतं की तो त्रास कमीत कमी वेळ व्हावा. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करतो, म्हणजे गळ दोन बोटांनी निघतो. हात आधी पाण्यात भिजवतो, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते. मासा जाळीत पण पाण्यातच ठेवतो. फोटो काढायचाच असेल तर बाहेर फक्त दोनतीन सेकंद. आणि दिवसाला दोन मासे लागले की रॉड गुंडाळतो, नुसता बघत फिरतो.

खातोही. मटौराच्या खालच्या भागातला किलोभराचा मासा वर्षातून तीनचारदा घरी येतो, बायको त्याला आगळ आणि मिरचीचं वाटण लावून तळते. पण वरच्या नदीतला आठ-दहा वर्षांचा मासा मारला, तर त्या अख्ख्या डोहात दुसरा तसा तयार व्हायला तेवढीच वर्षं लागतात. तो मी मारणार नाही. एक गोष्ट इथे लोकांना माहीत नसते: न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकायला किंवा विकत घ्यायला कायद्याने बंदी आहे. हॉटेलात मिळत नाही, बाजारात मिळत नाही. ज्याला खायचाय त्याने लायसन्स काढून स्वतः पकडायचा. नद्यांत मासा टिकलाय त्याचं हे एक मोठं कारण आहे.

वाळणकोंडाबद्दल तुम्ही म्हणता ते मला शंभर टक्के मान्य आहे. तिथे रॉड घेऊन जायचा विचारही माझ्या मनात येत नाही.

शेवाळ

धागा वाचतेय. मी क्राइस्टचर्चला गोड्या पाण्यातल्या जीवांवर शिकतेय, म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

एक, पाण्याचं तापमान. पाणी 19-20 अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी होतो आणि ट्राउटला दमल्यावर सावरता येत नाही. पोहत गेलेला दिसतो आणि तासाभराने मरतो. ते पकडणाऱ्याला कधीच कळत नाही. दहाबारा डॉलरचा थर्मामीटर जवळ ठेवा. उन्हाळ्याच्या दुपारी पाणी तापलं असेल तर थांबा, सकाळी जा.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. ट्राउट इथला नाही. 1864 मध्ये इंग्लंडहून शेवाळ आणि बर्फात गुंडाळलेली अंडी जहाजाने टास्मानियाला आली आणि तिथून 1867 मध्ये ब्राउन ट्राउटची अंडी न्यूझीलंडला आणली गेली. रेनबो ट्राउट 1883 मध्ये कॅलिफोर्नियातून आला. आधी इथल्या ओढ्यांत गॅलॅक्सिअस जातीचे बारीक देशी मासे होते, त्यांना खवलेही नसतात. ट्राउटने त्यांना खाल्लं आणि त्यांच्या जागाही घेतल्या. आज काही गॅलॅक्सिअस फक्त धबधब्यांच्या वर शिल्लक आहेत, जिथे ट्राउटला चढता येत नाही. ट्राउटचं कौतुक जरूर करा, पण धबधब्याच्या वर कुणी तो नेऊन सोडू नका. असं कुणी करताना दिसलं तर कळवा.

काळनदी

शेवाळ, फार महत्त्वाचं लिहिलंत. थर्मामीटर माझ्या जाकिटाला बांधलेलाच असतो. गॅलॅक्सिअस मी एकदाच पाहिलाय, रात्री टॉर्चच्या उजेडात, एका शेतातल्या ओढ्यात. बोटाएवढा, आणि पाठीवर सोन्याची बारीक कलाबूत केल्यासारखी नक्षी. त्या रात्रीपासून त्या ओढ्याच्या कडेला गुरं जाऊ नयेत म्हणून आम्ही कुंपण घातलंय.

शिवाय बूट आणि वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) धुण्याबद्दल. डिडिमो नावाचं शेवाळ 2004 मध्ये इथल्या लोअर वायाऊ नदीत सापडलं आणि मग दक्षिण बेटभर पसरलं. ओल्या बुटांतून ते एका नदीतून दुसरीत जातं. म्हणून बुटांना फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाचा, तळ लावायला इथे बंदी आहे, कारण फेल्ट वाळतच नाही. दोन नद्यांच्या मधे सामान धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं.

दक्षिणदिवा

मी डनेडिनला, तेरा वर्षं. काळनदी, तुमच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. तुम्ही नजर, संयम हे सगळं लिहिलंत, ते खरंच आहे. पण साडेचार किलोचा मासा मिळण्यात सालाचा वाटा फार मोठा असतो आणि तो तुम्ही लिहिलाच नाहीत. उंदरांचं साल!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथली बीचची झाडं दरवर्षी सारखं बी धरत नाहीत. काही वर्षांनी एकदा सगळं जंगल एकदम बियांनी लगडतं. 2014 मध्ये असं झालं होतं, 2019 मध्ये तर त्याहून मोठं. जमिनीवर बियांचा सडा पडला की उंदीर बेसुमार वाढतात. रात्री ते नद्या पोहून ओलांडतात आणि मोठे ट्राउट त्यांना खालून गिळतात. जो मासा एरवी तीन किलोचा राहिला असता तो त्या हंगामात पाचाचा होतो. डोकं तेवढंच, पोट मात्र ढोलकीसारखं. 2019-20 च्या हंगामात मला जे दोन मोठे मासे मिळाले, ते माझ्या कसबापेक्षा त्या बियांची देणगी होते, असं मी मानते.

म्हणून कुणी खास मोठ्या माशासाठी इतक्या लांब येणार असेल तर आदल्या शरद ऋतूत (इथला, म्हणजे मार्च ते मे) बीचला बी किती आलं होतं, ते आधी विचारा.

कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायबद्दलही एक सांगते. मोठा ब्राउन ट्राउट सिकाडा घ्यायला फार संथ वर येतो. तोंड उघडलेलं दिसलं की हात आपोआप उचलला जातो आणि फ्लाय त्याच्या तोंडातून बाहेर येते. इथे जुने लोक शिकवतात की मनात "गॉड सेव्ह द क्वीन" एवढं म्हणायचं आणि मगच रॉड उचलायचा. त्याने तोंड मिटून डोकं खाली घातलं पाहिजे. मी "गणपती बाप्पा मोरया" म्हणते. वेळ बरोबर तेवढाच लागतो.

काळनदी

हे राहिलंच होतं, धन्यवाद. उंदरांच्या सालाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण माझा या फेब्रुवारीतला मासा तसा नव्हता, लांबीला शोभेल एवढाच जाड होता. मला तो त्यामुळे जास्त जवळचा वाटतो. उंदरांच्या सालातला मासा पुढच्या वर्षी पुन्हा बारीक होतो. हा मात्र वर्षानुवर्षं मेफ्लाय आणि कॅडिस हे पाणकिडे खाऊन एवढा झालेला.

अळूवडी

मी कुठेतरी वाचलं की न्यूझीलंडला 20 किलोचा ब्राउन ट्राउट मिळालाय. मग साडेचार किलो म्हणजे काहीच नाही ना? की मी चुकीचं वाचलं?

दक्षिणदिवा

बरोबर वाचलंत. ऑक्टोबर 2020 मध्ये ट्वायझेलजवळच्या ओहाऊ कॅनॉलमध्ये 20.1 किलोचा मिळाला, जागतिक विक्रम आहे तो. पण ते जलविद्युत प्रकल्पाचे कालवे आहेत आणि त्यांत साल्मन पाळायचे पिंजरे आहेत. पिंजऱ्यातून खाली पडणाऱ्या खाद्याच्या गोळ्या खाऊन तिथले ट्राउट तसे फुगतात. गोठ्यातला बैल आणि रानातला गवा यांची तुलना करण्यासारखं आहे ते. तिथे गरवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, थंडीत रात्रभर उभे राहतात बिचारे. पण वरच्या नदीत, स्वच्छ पाण्यात, स्वतः शोधलेल्या माशाला फ्लायवर घेणं हे वेगळंच काम आहे.

पाऊलवाट

पुण्याहून. मला न्यूझीलंड सध्या तरी शक्य नाही. भारतात ट्राउटवर फ्लाय फिशिंग कुठे करता येईल? आणि शिकायचं कुणाकडून? रॉड कधी हातातही धरलेला नाही.

तीर्थनकाठी

मी मूळची सांगलीची, आता तीर्थन खोऱ्यात एका होमस्टेचं काम बघते. या, स्वागत आहे. हिमाचलात ब्राउन ट्राउट इंग्रजांनी 1909 मध्ये कुलूला आणला, कटराईंजवळ पहिली हॅचरी झाली. तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातून खाली येते आणि ट्राउटसाठी राखलेली आहे. मत्स्य खात्याचं दिवसाचं परमिट काढावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद, तेव्हा मासे अंडी घालतात. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि धोकादायक. म्हणून मार्च ते जूनची सुरुवात, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर.

आकाराबद्दल मात्र खरं सांगते. इथले बहुतेक मासे वीत-दीड वीत. 40 सेंटिमीटरचा दिसला की अख्ख्या गावात बातमी होते. आमच्यासाठी तोच दहा पौंडी. काश्मीरमध्ये लिडर आणि ब्रिंगीवर नदीचे ठराविक टप्पे, बीट म्हणतात त्यांना, दिवसाच्या परमिटवर मिळतात. दक्षिणेत निलगिरीतही रेनबो आहेत.

शिकवायला इथली गावातली मुलं आहेत. त्यांच्यातल्या काहींचे आजोबा इंग्रज साहेबांबरोबर नदीवर जायचे. पण फेक घरीच शिकून या, म्हणजे इथला वेळ पाण्यावर जाईल.

काळनदी

पाऊलवाट, तीर्थनकाठींनी सांगितलं ते पक्कं धरा. फेकीचा सराव मैदानात होतो. टिपेटच्या टोकाला फ्लायऐवजी लोकरीचा लाल धागा बांधा आणि गवतावर एक ताट ठेवा, 10 मीटरवर. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको, खांदा भरून येतो. मनगट मोडायचं नाही, कोपरापासून हात हलवायचा. मागे नेलेला रॉड कानाजवळ एकदम थांबवायचा, आणि दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत वाट बघायची. नवीन माणूस इथेच घाई करतो आणि चाबकासारखा फट् आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं फ्लाय तुटून गेली असती. मान वळवून मागची दोरी बघायला लाज वाटू देऊ नका, मी अजून बघतो.

मोठ्या माशासाठी लांब फेक लागते हा गैरसमज आहे. माझा या वर्षीचा मासा 9 मीटरवर होता. लांब फेकलं की मधे दोनतीन वेगवेगळे प्रवाह येतात, ते दोरीला ओढतात आणि फ्लाय आपल्याआप वाहण्याऐवजी तिरपी पळते. खरा किडा तसा पळत नाही. मोठा मासा ते एकदा बघतो आणि जागा सोडतो. वाकून, रांगत, जवळ जा.

खाडीकाठ

धागा वर काढतोय. तुमचं वाचून नातवाकडून पोलराइज्ड चष्मा मागवला. परवा ओहोटीला पुलाच्या खांबापाशी दहा मिनिटं नुसता उभा राहिलो, गळ खांद्यावर तसाच. बोयटांचा थवा वरून जात होता. त्याखाली खांबाच्या सावलीत दुसरी एक सावली होती. ती खांबाबरोबर हलत नव्हती. चाळीस वर्षं मी त्याच खांबापाशी गरवतोय आणि जिताडा तिथे नेमका कसा उभा राहतो ते पहिल्यांदा पाहिलं. प्रवाहाकडे तोंड, खांबाच्या पुढच्या अंगाला. तुम्ही खडकाच्या पुढे लिहिलंत तसाच. गळ टाकला नाही त्या दिवशी.

काळनदी

काका, हे वाचून अंगावर काटा आला. भरतीला तो खांबाच्या दुसऱ्या अंगाला येतो का, तेवढं बघून कळवाल का? पाणी उलटलं की त्यानेही तोंड फिरवायला हवं.

खाडीकाठ

येतो. काल पाहिलं. पाणी थांबतं तेव्हा पाचदहा मिनिटं दिसेनासा होतो, आणि भरती लागली की पलीकडच्या अंगाला.

गवतीचहा

दिवाळीत माहेरी गेले होते, तेव्हा मुलीला घेऊन वाळणकोंडावर गेले. पाणी निवळलेलं होतं. कुरमुऱ्यांची पुडी तशीच बंद ठेवून आधी दहा मिनिटं उभ्या राहिलो. मुलगी कंटाळली, मग तिलाच पहिली सावली दिसली. सगळ्यांची तोंडं वरच्या अंगाला, आणि मोठे सगळे कातळाच्या कडेला, लहान मधे. कुरमुरे टाकल्यावर ती सगळी मांडणी मोडली. इतक्या वेळा गेलेय, पण ती मांडणी कधी पाहिली नव्हती, कारण आम्ही नेहमी जाताजाताच पुडी उघडायचो.

काळनदी

ताई, कातळाकडेच्या मोठ्यांत एक शेपटीची वरची पात तुटलेला दिसला का? आजी त्याला "तुटका" म्हणायची. वीस वर्षं झाली, नसेलही आता.

गवतीचहा

लक्ष नव्हतं शेपट्यांकडे. संक्रांतीला परत जाणार आहोत, मुलीला सांगून ठेवलंय.